‘जसं होतं तसं’ म्हणजे नेमकं कसं?

रसिक : 8 ऑगस्ट 2024च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्या रंगमंचावर त्यांच्या तसबिरीला हार घालायचा, त्या रंगमंचाची सकाळ होईपर्यंत राख झाली होती. प्रयोग चालू नव्हता म्हणून जीवितहानी टळली. पण त्या रात्री नाट्यगृहासमोर उभे राहून नट रडले, तंत्रज्ञ रडले, आयुष्यात चार-दोनच नाटकं पाहिलेली साधी माणसंही रडली. तेव्हापासून शहराचं मागणं एकच आहे : नाट्यगृह जसं होतं तसं उभं राहावं. सरकारनेही तोच शब्द दिला.

या मागणीला नुसता हळवेपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. 1902 साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी युरोपातली नाट्यगृहं पाहिली, रोममधली जुनी क्रीडागारं पाहिली. परतल्यावर कोल्हापुरात दोन वास्तू उभ्या राहिल्या. खासबागेचं कुस्तीचं मैदान 1912 साली खुलं झालं आणि त्याला लागूनच 1913 ते 1915 या काळात पॅलेस थिएटर बांधलं गेलं. एका अंगाला तांबड्या मातीचा हौदा, दुसऱ्या अंगाला नाटकाचा पडदा. कुस्ती बघायला आलेला माणूस आणि नाटक बघायला आलेला माणूस एकाच फाटकाशी भेटावा, अशी ही मांडणी. महाराष्ट्रात नाट्यगृहं पुष्कळ आहेत, पण असा शेजार दुसरीकडे सापडणार नाही. ती वास्तू परत हवी असं वाटणं म्हणजे शहराने स्वतःची ओळख परत मागणं आहे.

चिकित्सक : मागणी मनापासूनची आहे, याबद्दल शंका नाही. शंका आहे ती ‘होतं’ या शब्दाबद्दल. कधी होतं तसं? 1915 साली जे नाट्यगृह उघडलं, ते आज कुणालाही नाटक पाहायला सोयीचं वाटणार नाही. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता, वातानुकूलन नव्हतं, आजच्या प्रकाशयोजनेला लागणारा विजेचा भार नव्हता. 1957 साली पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. पुढे एकाहून अधिक वेळा नूतनीकरण झालं. खुर्च्या बदलल्या, वायरिंग बदललं, आतली सजावट बदलली. 8 ऑगस्टच्या संध्याकाळी जे नाट्यगृह उभं होतं, ते या सगळ्या थरांचं मिळून झालेलं होतं.

रंगमंचाच्या फळ्यांचंच बघा. दुपारी नाटक कंपनीचा टेम्पो येतो. फ्लॅट उतरतात. ते उभे करून मागून तिरके टेकू लावतात आणि ते हलू नयेत म्हणून फळीत खिळे ठोकतात. रात्री प्रयोग संपला की तेच खिळे उपटायचे, सगळा सेट पुन्हा टेम्पोत चढवायचा. वर्षाला असे किती प्रयोग! काही वर्षांत फळी खिळखिळी होते, बदलावी लागते. म्हणजे ‘याच फळीवर अमुक नट उभा राहिला’ हे कुठल्याही वापरातल्या नाट्यगृहात फार काळ खरं राहत नाही. नाट्यगृह वापरलं जातं म्हणून झिजतं आणि झिजतं म्हणून बदलतं. आगीतून उभ्या राहिल्या त्या मुख्यतः जुन्या दगडी भिंती आणि दर्शनी भाग. छप्पर, रंगमंच, आसनं, सजावट गेली. तेव्हा ‘जसं होतं तसं’ म्हणताना यातला नेमका कोणता थर परत हवा आहे, हे आधी ठरायला नको?

रसिक : थर मोजायला बसलं तर कुठलीच वास्तू जुनी उरणार नाही. देवळाचा कळस बदलतो, फरशी बदलते, तरी देऊळ तेच असतं, कारण गाभारा तोच असतो. नाट्यगृहाचाही गाभारा असतो. रंगमंच आणि शेवटची रांग यांच्यातलं अंतर, छताची उंची, बाल्कनीचा उतार आणि या सगळ्यांतून घडणारा त्या घराचा आवाज, हा तो गाभारा. खुर्चीचं कापड बदलल्याने तो जात नाही, पण प्रमाण बदललं की तो गेलाच.

केशवराव ज्या परंपरेतले होते, तिचा विचार करा. लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत देवलांच्या ‘शारदे’तली शारदा त्यांनी उभी केली. 1908 साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. त्यांचा गळा उंच पट्टीतला, झेप घेणारा. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीवर, ध्वनिक्षेपकाविना, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा आणि रसिकांनी ‘वन्समोअर’ दिला की तेच पद पुन्हा तितक्याच ताकदीने गायचं. असं गाणं नटाच्या एकट्याच्या छातीवर उभं राहत नाही. भिंती त्याला हात देतात, छत त्याला हात देतं. कोल्हापुरात जुने लोक सांगतात की या रंगमंचाखाली खोल पोकळी ठेवून तिच्यात पाणी साठवलं होतं, त्यामुळे आवाज घुमून येई. मंचावर चाललं तरी फळीतून उत्तर यायचं. हे घर परत बांधायचं तर ते उत्तर परत यायला हवं. ‘जसं होतं तसं’चा अर्थ तोच.

चिकित्सक : हा अर्थ मान्य करण्यासारखा आहे, पण तो मान्य केला की अडचण अधिकच टोकदार होते. आवाज परत आणायचा तर तो आधी कुणीतरी मोजून ठेवलेला असावा लागतो.

व्हेनिसचं ला फेनीचे ऑपेरा हाउस 29 जानेवारी 1996 रोजी जळालं. तिथेही त्याच दिवसापासून मागणी उठली : जसं होतं, जिथं होतं. व्हेनिसमध्ये ही घोषणा नवी नव्हती. 1902 साली सेंट मार्क चौकातला मनोरा कोसळला, तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं आणि 1912 साली मनोरा तसाच परत उभा राहिला. पण फेनीचेच्या बाबतीत एक योग जुळून आला. आगीच्या सुमारे दोन महिने आधी दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी त्या सभागृहात जाऊन त्याच्या आवाजाची शास्त्रीय मोजणी केली होती. कुठून सोडलेला आवाज कुठल्या खुर्चीत कसा पोचतो, किती वेळ रेंगाळतो, हे त्यांनी नोंदवून ठेवलं होतं. घर जळालं, पण घराचा आवाज कागदावर आणि टेपवर शिल्लक राहिला.

सभागृहाच्या आवाजाचं गणित नवं नाही. वॉलेस सबीन या भौतिकशास्त्रज्ञाने 1900 साली उघडलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलसाठी ते मांडलं होतं. म्हणजे पॅलेस थिएटरचा पाया खणण्याआधीच ही विद्या जगात होती. महाराष्ट्रातल्या किती जुन्या नाट्यगृहांची अशी मोजणी आज कपाटात आहे? मंचाखालच्या पाण्याची कथा खरी असेलही. पण ते पाणी खरोखर आवाज वाढवत होतं, की पोकळी आणि फळी मिळून ते काम करत होती, हे तपासायची संधी ती फळी शाबूत असतानाच होती. न मोजलेल्या आवाजाची नक्कल करता येत नाही. त्याची आठवण काढता येते, आणि आठवणीतला आवाज नेहमीच खऱ्यापेक्षा गोड असतो.

रसिक : मोजणी नसली म्हणून हात बांधले जात नाहीत. फेनीचे परत बांधताना फक्त मोजणीच वापरली नाही. विस्कोंतींच्या 1954 सालच्या ‘सेन्सो’ या चित्रपटाची सुरुवात त्या नाट्यगृहात चित्रित झाली होती. त्यातल्या दृश्यांवरूनही बाल्कन्यांची आणि सजावटीची माहिती काढली गेली. 1837 साली, आधीच्या आगीनंतर, ते घर नव्याने उभं राहिलं होतं, ती परंपराही हाताशी होती. 14 डिसेंबर 2003 रोजी ते पुन्हा उघडलं. वास्तुविशारद आल्दो रॉसी यांच्या आराखड्यावर ते काम झालं. रॉसी स्वतः ते पाहायला उरले नव्हते, तरी काम आराखड्याप्रमाणे पुढे गेलं.

कोल्हापूरकडे तर त्याहून वेगळं धन आहे. गेल्या कित्येक दशकांतल्या प्रयोगांची छायाचित्रं आहेत, चित्रफिती आहेत, नूतनीकरणाच्या वेळचे नकाशे आहेत. आणि त्या मंचावर वर्षानुवर्षं उभी राहिलेली माणसं आहेत. कुठल्या जागी उभं राहिलं की कुजबूजही शेवटपर्यंत जाते आणि कुठे शब्द गिळला जातो, हे नटाला पायांनी कळतं. त्या सगळ्यांना बोलावून बसवलं, ऐकलं, लिहून घेतलं, तर तीही एक मोजणीच आहे.

आणि आपल्याकडे असं काम होत नाही असंही नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस पाहा. 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बालगंधर्व तिथे गायले, मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांनी नाटकं केली. पुढे ते चित्रपटगृह झालं आणि 1993 साली बंद पडलं. वीस वर्षांहून अधिक काळ ते धूळ खात पडलं होतं. 2012 साली धोक्यातल्या वारशांच्या जागतिक यादीत त्याचं नाव गेलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला आणि ऑक्टोबर 2016मध्ये पडदा पुन्हा वर गेला. पुढच्याच वर्षी त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. आज आत गेलं की घुमटाखाली मान वर करून उभी राहिलेली माणसं दिसतात. ती काही फक्त रंग पाहत नसतात.

चिकित्सक : ऑपेरा हाउसचा दाखला इथे पूर्ण लागू पडत नाही. ते जळालेलं नव्हतं, झिजलेलं होतं. झिजलेल्या भिंतीला खरवडून खालचा रंग सापडतो, राखेतून सापडत नाही. शिवाय ते गोंडल राजघराण्याच्या मालकीचं. कोल्हापूरचं नाट्यगृह महापालिकेचं, म्हणजे सगळ्या शहराचं.

जवळचा दाखला हवा तर कोलकात्याचा घ्या. हातीबागानमधलं स्टार थिएटर 1888 सालचं. गिरीशचंद्र घोषांच्या काळापासून बंगाली रंगभूमीचं ते नाक होतं. 1991 साली ते जळालं. कोलकाता महापालिकेने ते ताब्यात घेऊन 2004 साली पुन्हा उघडलं. दर्शनी भाग जुन्यासारखा ठेवला, आतला भाग नवा केला. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, स्टार परत आलं. पण त्यानंतर तिथे मुख्यतः चित्रपट चालले. वास्तू वाचली आणि ज्यासाठी ती होती ते रोजचं नाटक मात्र तिथे पूर्वीसारखं परतलं नाही.

उलट उदाहरणही आहे. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झालं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासातली ही सर्वांत गाजलेली रात्र. ती बालीवाला थिएटरमध्ये झाली. आज त्या थिएटरच्या नावाने कुणी तिकीट काढत नाही, तरी ती रात्र मराठी माणूस विसरलेला नाही. केशवराव त्यानंतर तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबरला, गेले. मग परंपरा कशात राहते? दगडात, की गाणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांत?

शाहू महाराजांनी काय केलं तेही आठवावं. नाट्यगृह 1915चं. त्याच्या खूप आधी त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आणलं. कोवळ्या वयाच्या नारायण राजहंसांच्या कानावर मिरजेत उपचार करवले, तेव्हा ‘बालगंधर्व’ हा अवघ्या महाराष्ट्राचा सूर झाला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे याच शहरात नाटकांचे पडदे रंगवत होते. आधी गळे सांभाळले, हात सांभाळले, घर त्यानंतर आलं. आता घरासाठी कोट्यवधींची बोली होते. तेवढीच चर्चा गळ्यांची आणि हातांची होते का?

रसिक : माणसं आधी, हे खरंच. पण माणसांना जमायला जागा लागते, हेही तितकंच खरं. बालीवालाची रात्र लोकांच्या लक्षात राहिली, कारण त्या पिढीला नाटक पाहायला जागांचा तुटवडा नव्हता. एक थिएटर गेलं तर दुसरं होतं. कोल्हापूरसारख्या शहरात मुख्य नाट्यगृह बंद पडलं की काय होतं? मुंबई-पुण्याची नाटकं दौरा आखताना ते गाव ओलांडून पुढे जातात. राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रावरची फेरी ज्या मंचावर व्हायची, तो मंचच नसतो. नोकरी सांभाळून रात्री दहापर्यंत तालीम करणारी हौशी पोरं मग कुठल्या तरी सभागृहात प्रयोग करतात. तिथे विंग नाही, उंची नाही, रंगपट नाही. त्यांना नाटक येतं, पण नाट्यगृह काय असतं ते कळत नाही. दोन-तीन वर्षं अशी गेली की एक फळी कायमची निसटते.

आणि नावाचं काय? राजवाड्याच्या नावाचं थिएटर 1957 साली एका नटाच्या नावाचं झालं. ही साधी गोष्ट नाही. स्टार थिएटरचाच दाखला पुढे न्या. त्या रंगभूमीसाठी बिनोदिनी दासींनी स्वतःचं आयुष्य पणाला लावलं. थिएटरला त्यांचं नाव देण्याचा शब्द दिला गेला होता आणि तो मोडला गेला. शंभरहून अधिक वर्षांनी, 2024च्या अखेरीला, ते नाव देण्याची घोषणा झाली. एका नटीला जे मिळायला एवढा काळ जावा लागला, ते कोल्हापूरने आपल्या नटाला कितीतरी आधी दिलं. ते नाव लावायला दार तर हवं!

चिकित्सक : दार हवं, पण ते कुठल्या बाजूला उघडतं हे फार महत्त्वाचं आहे. आगीचा विचार भावनेने होत नाही. रंगमंच ही आगीला सगळ्यांत आवडणारी जागा. कापड, लाकूड, दोर, रंग, तापलेले दिवे हे सगळं एकाच ठिकाणी, आणि वर उंच पोकळी. खाली ठिणगी पडली की ती पोकळी धुराड्याचं काम करते. ज्वाळा वर चढतात, छताला लागतात, मग धूर प्रेक्षागृहाकडे वळतो.

इंग्लंडमधल्या एक्सेटरला 1887 साली थिएटर रॉयल जळालं, 186 माणसं गेली. त्यानंतर मंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये खाली पाडता येईल असा अग्निरोधक पडदा असावा, हा आग्रह रुजला. तरी 1903 साली शिकागोत नवंकोरं इरोक्वॉय थिएटर जळालं आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पडदा अर्ध्यावर अडकला होता, दारं कुलूपबंद होती. त्या थिएटरची जाहिरात आगीपासून संपूर्ण सुरक्षित अशी झाली होती.

आणि 1911 सालची एडिनबरोची रात्र. एम्पायर पॅलेस थिएटरमध्ये जादूचा खेळ चालू होता, मंचावर पेट घेतला. लोखंडी पडदा खाली आला. वादकांनी राष्ट्रगीत वाजवायला घेतलं आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक काही मिनिटांत सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागे मात्र स्वतः जादूगार लाफायेत आणि त्याचे सहकारी मेले. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचं बांधकाम सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षं होती. म्हणजे त्या काळातही हा धडा उपलब्ध होता, आणि एडिनबरोने त्यातला दुसरा अर्धा धडाही देऊन ठेवला होता : प्रेक्षक वाचवण्याची व्यवस्था म्हणजे कलाकार वाचवण्याची व्यवस्था नव्हे. त्यासाठी विंगेतून थेट उघड्यावर जाणारी दारं वेगळी लागतात.

आता हे सगळं करायचं ठरलं, तर छताची रचना बदलणार, मंचावर धूर बाहेर सोडणारी झडप येणार, जिने रुंद होणार, खासबागेच्या बाजूला लागून असलेल्या बांधकामापासून अंतर ठेवावं लागणार. लाकडाच्या जागी पोलाद येणार. तापलेल्या दगडावर पाण्याचा मारा झाला की त्याचे पापुद्रे सुटतात, चुन्याचा सांधा सैल होतो. म्हणून जुन्या भिंतींवर नवा भार टाकण्याआधी त्यांची तपासणी होऊन कदाचित तो भार वेगळ्या खांबांवर घ्यावा लागेल. एवढं झाल्यावर ते ‘जसं होतं तसं’ कसं राहील?

रसिक : ते तसं राहू नये, एवढं मान्य. जळण्याची सोय कुणालाच परत नको आहे. बार्सिलोनाचं लिसेऊ 1994 साली जळालं आणि 1999 साली उघडलं. प्रेक्षागृह पूर्वीच्या वळणाचं, पण मंचाची यंत्रणा पूर्ण नवी. प्रेक्षक जिथे बसतो तिथे स्मृती जपायची, कलाकार जिथे काम करतो तिथे आजची विद्या आणायची, अशी वाटणी करता येते. पोलाद दडवता येतं. झडप बाहेरून दिसत नाही.

खरं तर शाहू महाराजांनी हेच केलं होतं. त्यांनी जुन्या कुठल्या वास्तूची नक्कल केली नाही. युरोपात पाहिलेली कल्पना घेतली, आपल्या दगडात आणि आपल्या माणसांसाठी उभी केली. त्यांच्या काळातलं उत्तम ते त्यांनी आणलं.

चिकित्सक : मग तर तुमचंच म्हणणं पुढे न्यावं लागेल. शाहू महाराजांचा वारसा जपायचा म्हणजे 1915ची वास्तू जपायची, की 1915 साली त्यांनी दाखवलेलं नवेपण जपायचं? पहिल्यात जुनी कमान पुन्हा बांधायची. दुसऱ्यात आजच्या काळातलं उत्तम नाट्यगृह बांधायचं, कदाचित पूर्ण वेगळं दिसणारं. दोन्ही वाटा निष्ठेच्या आहेत आणि दोन्ही एकदम चालता येत नाहीत.

रसिक : जिथे शहराकडे मोकळी जमीन आहे तिथे नवी वाट चालावी. इथे भिंती उभ्या आहेत. आगीतून वाचलेल्या दगडाला ‘तू आता नको’ असं सांगायचं धाडस कुठल्याही कोल्हापूरकराला होणार नाही, आणि होऊही नये.

चिकित्सक : ठीक. भिंती ठेवायच्या. पण त्यानंतरची खरी लढाई बांधकामाची नाही, देखभालीची आहे. नूतनीकरणाला उद्घाटन असतं, कोनशिला असते, भाषणं असतात. वायर तपासण्याला यातलं काहीच नसतं. डिमरच्या खोलीतली कुठली वायर गरम होते, कुठल्या सॉकेटवर ठरल्यापेक्षा जास्त दिवे लागतात, पाण्याच्या टाकीचा पंप शेवटचा कधी चालवून पाहिला, रात्री मुख्य स्विच कोण बंद करतो आणि त्याची वहीत सही होते का, या प्रश्नांवर नाट्यगृहाचं आयुष्य ठरतं. फेनीचे जळालं तेव्हा ते दुरुस्तीसाठी बंद होतं. उशिरासाठी दंड बसेल या भीतीने दोन वायरमननीच आग लावल्याचं न्यायालयात सिद्ध झालं. शेजारचा कालवा साफसफाईसाठी कोरडा केलेला होता, पाणी मिळेना. पॅरिसचं नोत्र दामही 2019 साली दुरुस्ती चालू असतानाच पेटलं. म्हणजे नूतनीकरणाचा काळ हाच वास्तूसाठी सगळ्यांत नाजूक काळ असतो. पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात पुढच्या वीस वर्षांची देखभाल लिहिलेली नसेल, तर आपण एका नव्या तारखेची वाट पाहत आहोत.

रसिक : देखभालीला पैसा लागतो आणि पैसा भाड्यातून येतो. इथे नाट्यगृहांची कोंडी आहे. भाडं कमी ठेवलं तर नाटकवाल्याला परवडतं, पण दुरुस्ती रखडते. भाडं वाढवलं तर शनिवार-रविवार सत्कार, शाळांची गॅदरिंग आणि कंपन्यांचे कार्यक्रम घेतात, आणि हौशी नाटक मंगळवारच्या दुपारी ढकललं जातं. पुन्हा बांधलेलं नाट्यगृह जितकं सुंदर आणि यंत्रसज्ज, तितकं ते चालवणं महाग. सुंदर करून नाटकालाच परवडेनासं केलं, तर स्टार थिएटरबद्दल तुम्ही जे म्हणालात ते इथेही होईल. ही भीती तुमच्याइतकीच आम्हालाही आहे.

म्हणून एक आग्रह धरायला हवा. नाट्यगृह चालवणाऱ्या समितीत अधिकारी आणि मान्यवर असतातच, त्यांच्याबरोबर मंचामागचा माणूस हवा. दिवे टांगणारा, सेट लावणारा, पडदा ओढणारा. गरम होणारी वायर सगळ्यात आधी त्याच्या हाताला कळते. त्याच्या सांगण्याची नोंद व्हायची सोय आणि ती नोंद वाचून काम करून घेण्याचा अधिकार, या दोन गोष्टी नव्या आराखड्याइतक्याच जपायला हव्यात.

चिकित्सक : इथे मतभेद उरला नाही. त्या माणसाचं म्हणणं आराखडा पक्का होण्याआधीच घेतलं तर अधिक बरं. विंगेची खोली किती, टेम्पो थेट मंचाच्या दाराला लागतो की फ्लॅट पावसात भिजत आणावे लागतात, स्त्रियांच्या रंगपटाला वेगळं स्वच्छतागृह आहे की नाही, हे प्रश्न 1915च्या नकाशात नव्हते. तेव्हा स्त्रीची भूमिका पुरुषच करत. आज ते प्रश्न नकाशाच्या मध्यभागी असायला हवेत.

एक गोष्ट मात्र अजून ठरायची आहे. वाचलेल्या दगडांवर आगीचा धूर बसला आहे. ते सगळे घासून 1915सारखे लख्ख करायचे का? निदान एक भिंत, एक हातभर तुकडा तसाच काळा ठेवावा. 8 ऑगस्ट 2024 हाही आता या नाट्यगृहाचा एक थर आहे.

रसिक : नको. ज्याने ती रात्र पाहिली त्याला रोज ती काळी भिंत दाखवून काय मिळवायचं? संध्याकाळी नाटक बघायला आलेल्या बाईने पोराचा हात धरून आत शिरावं ते दिव्यांच्या उजेडात, दर्शनी दगड उजळलेला पाहावा, तिसरी घंटा ऐकावी. तिला आग दिसू नये.

चिकित्सक : आता मात्र गंमत नाही, पेच आहे. इतका वेळ वास्तूची प्रत्येक खूण जपायचा आग्रह तुमचा होता आणि ‘दगडात काय आहे’ हे विचारणारी बाजू दुसरी होती. आता एक खूण पुसायला तुम्ही निघालात आणि एक दगड जपायची विनवणी इकडून होते आहे. ‘जसं होतं तसं’ म्हणताना ती रात्र धरायची की वगळायची?

रसिक : वगळायची नाही. पण प्रेक्षकाच्या वाटेवर ठेवायची नाही. ठेवायचीच असेल तर ती मंचामागे ठेवा. मुख्य स्विचच्या खोलीत शिरताना डोळ्यांसमोर येईल अशी, जिथे रोज रात्री कुलूप लावायला येणारा माणूस तिच्यासमोरून जाईल.

चिकित्सक : तिथे ती फक्त त्या कामगाराला दिसेल. सगळी आठवण त्याच्याच माथी मारल्यासारखं होईल. त्याच्या सांगण्यावरून वायर बदलण्याची सही ज्यांनी करायची, ते त्या वाटेने कधी जातच नाहीत.

रसिक : मग तो दगड कुठे बसवायचा, तुम्हीच सांगा.

चिकित्सक : भिंत धुवायला घेण्याआधी हे ठरायला हवं. एकदा धुतली की विचारायला काही उरणार नाही.